शब्दचर्चा : कंबरेला बांधायची लीश, दावे की सुरगाठ?

भाषांतरकर्ती :
उभे राहून वल्हवायच्या पॅडलबोर्डसोबत येणाऱ्या सूचनापत्रिकेचे भाषांतर माझ्याकडे आले आहे आणि त्यातल्या एका वाक्यापाशी मी चार दिवस अडून बसले आहे. आशय साधा आहे : वाहत्या पाण्यात घोट्याला बांधायची लीश (म्हणजे माणसाला बोर्डाशी जोडून ठेवणारी दोरी) वापरू नये, झटकन सुटणारी कंबरेची लीश वापरावी. पहिल्या खर्ड्यात मी ‘कंबरपट्टा’ लिहिले, तेव्हा तपासणाऱ्या सहकाऱ्याने समासात नोंद केली की कंबरपट्टा हा दागिना आहे आणि इथे मुख्य वस्तू दोरी आहे. ते बदलून ‘कंबरदोरी’ केले, तर दुसऱ्या सहकाऱ्याने विचारले, हा करदोटा आहे का? दोघांचेही म्हणणे मला खोडून काढता येईना. वस्तू खरोखर दोन भागांची आहे. कंबरेभोवती रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला बोर्डाशी जोडणारी दोरी असते. पट्ट्याच्या दर्शनी बाजूला एक गोंडा आहे, तो खेचला की माणूस मोकळा होतो. त्या गोंड्याशेजारी छापण्यासाठी जेमतेम दोन शब्दांची जागा आहे, तिथे काय छापावे हाही प्रश्न आहेच. कृपया सुचवावे.

कोशप्रेमी :
आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे आणि तो म्हणजे ‘दावे’. संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोरी, त्यावरून मराठीत ‘दावे’ आले आणि त्याच कुळातली ‘दावण’ आजही बोलण्यात आहे. याच ‘दाम’ आणि ‘उदर’ या दोन शब्दांनी ‘दामोदर’ हे नाव बनले आहे. यशोदेने ज्याच्या पोटाला दोरी बांधली तो दामोदर. कंबरेला दोरी बांधून माणसाला एका जड वस्तूशी जोडण्याची कल्पना भाषेत इतकी जुनी असताना ‘लीश’ का स्वीकारावा, हे मला समजत नाही. ‘कंबरदावे’ म्हणावे.

पाणकोळी :
दामोदराची आठवण सुंदर आहे, परंतु त्या कथेतले मूल उखळाला बांधलेले आहे आणि त्याने पळून जाऊ नये हाच बांधण्याचा हेतू आहे. दावे जनावराला खुंट्याशी जखडते. ‘दावणीला बांधणे’ हा वाक्प्रचार कोणत्या अर्थाने वापरतो ते आपण सर्वजण जाणतो. लीशचे काम नेमके उलटे आहे. माणूस पडला की बोर्ड वाऱ्याने किंवा लाटेने वाहून जाऊ नये म्हणून ती असते, म्हणजे खुंटा माणूस आहे आणि जनावर बोर्ड आहे. शिवाय छापील मजकुरात ‘दावे’ हा शब्द ‘दावा’चे अनेकवचन म्हणूनच प्रथम वाचला जाईल.

तळटीप :
एक नोंद करतो. इंग्रजी ‘लीश’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या सैल सोडण्याच्या क्रियापदावरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘लाक्सारे’, म्हणजे ढिले करणे, हे क्रियापद आहे. बांधण्याच्या वस्तूला सोडण्याच्या क्रियेवरून नाव मिळाले आहे. मराठीत शब्द घडवायचाच असेल तर तो बांधण्याच्या बाजूने घडवावा की सोडण्याच्या, याचा विचार आधी व्हावा, असे मला वाटते.

शुद्धलेखक :
‘कंबर’ हा शब्दच फारसी ‘कमर’वरून आलेला आहे. ‘कमरबंद’ तर सबंधच तिकडचा आणि तोच पुढे इंग्रजीत ‘कमरबंड’ म्हणून गेला. संस्कृत मूळ धरायचे असेल तर ‘कटि’पासून सुरुवात करावी लागेल. माझी सूचना ‘कटिबंध’ अशी आहे.

पाणकोळी :
‘कटिबंध’ भूगोलाने केव्हाच घेतला आहे. ‘समुद्रात उतरताना कटिबंध तपासा’ असे वाचणाऱ्याला उष्ण, समशीतोष्ण आणि शीत एवढेच आठवेल. आणि कंबरेला कंबर म्हणणे अशुद्ध ठरवायचे असेल तर या चर्चेत पुढे जाणे कठीण आहे.

शुद्धलेखक :
‘महापौर’ आणि ‘दूरध्वनी’ हे सावरकरांचे शब्दही पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना परकेच वाटले असतील. पुढे ते रुळले. ‘कटिबंध’ नको असेल तर ‘कटिरज्जू’ घ्या, पण ‘लीश’ घेऊन थांबू नका. वापरणारे लोक वापरतील तो शब्द, हे तत्त्व मला पळवाटेसारखे वाटते.

वल्हेवाला :
मी बरीच वर्षे लाटांवरही वल्हवतो आणि नदीतही, म्हणून थोडे वस्तूविषयी लिहितो. शब्द त्यातून निघावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रवाहात घोट्याची लीश का नको, हे मला एकदा अंगावर आले. बोर्ड बुडालेल्या फांदीच्या एका बाजूने गेला आणि मी दुसऱ्या बाजूने. दोरी फांदीला अडकली, पाण्याने मला खालच्या दिशेला ताणून धरले आणि माझा उजवा पाय मागे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहिला. त्या स्थितीत घोट्यावरच्या वेलक्रोपर्यंत हात नेण्यासाठी प्रवाहाच्या विरुद्ध पोटात दुमडावे लागते. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पाण्याने मला उलगडून सरळ केले. पाण्याचा जोर पोटात दुमडू देत नाही, हे तोवर कोणी मला सांगितले नव्हते. फांदी मोडली म्हणून मी सुटलो. त्यानंतर वाहत्या पाण्यात मी घोट्याला काही बांधलेले नाही.

वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे 30 ऑक्टोबर 2021 रोजी क्लेडाऊ नदीच्या बंधाऱ्यावर 4 पॅडलबोर्डर मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेला आढळले की त्या गटातल्या कोणाकडेही त्या पाण्याला सर्वांत योग्य अशी लीश नव्हती. लीश हेच एक कारण होते असे मी म्हणत नाही. पण सूचनापत्रिकेतले ते वाक्य कशासाठी लिहिलेले असते, ते यावरून कळावे.

लाटांवर हिशेब वेगळा आहे. तिथे बहुतेक जण पोटरीला किंवा घोट्यालाच बांधतात. कंबरेची लीश घेतल्याने बोर्डावर पुढेमागे पावले टाकताना दोरी पायात येत नाही, हा मोठा फायदा आहे. मात्र पडल्यावर लाट बोर्डाला किनाऱ्याकडे ओढते तेव्हा सारा ताण पट्ट्यावर येतो, पट्टा गरकन फिरतो आणि पोटावरचा गोंडा पाठीमागे जातो. प्रत्येक पडण्यानंतर मी पहिल्यांदा गोंड्याला हात लावून पाहतो. दोरी सरळ असावी आणि साधारण बोर्डाच्या लांबीइतकी किंवा त्याहून फूटभर जास्त असावी. वेटोळ्याची दोरी सपाट पाण्यात उत्तम, कारण ती पाण्यात लोंबत नाही आणि गवतात अडकत नाही, परंतु लाटेत ती ताणून झाली की बोर्डाला तुमच्याच दिशेने परत भिरकावते.

तळटीप :
परत भिरकावण्यावरून सांगतो. लाटांवरच्या लीशच्या सुरुवातीच्या इतिहासात पॅट ओनील यांचे नाव घेतले जाते. 1970च्या दशकाच्या आरंभी त्यांनी शस्त्रक्रियेत वापरायच्या रबरी नळीची दोरी केली. त्यांचे वडील जॅक ओनील यांचा डावा डोळा अशाच लीशने परत आणलेल्या बोर्डामुळे गेला. पुढच्या दोऱ्या कमी ताणल्या जाणाऱ्या झाल्या, त्यामागे असे अनुभव आहेत.

नवशिका :
दोन प्रश्न आहेत. ‘तो लीश’ म्हणावे की ‘ती लीश’? आणि अनेकवचन काय करायचे?

कोशप्रेमी :
दोरी स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती लीश’. अनेकवचन ‘लीशी’ की ‘लीशा’ यावर एकमत होणार नाही आणि माझ्या मते परका शब्द घेतल्याची ही किंमत आहे.

पाणकोळी :
मुद्दा लिंगाचा नाही. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला आपण ‘पट्टा’ म्हणतो, आणि फिरायला नेताना हातात धरतो त्या दोरीलाही कित्येक घरांत ‘पट्टा’च म्हणतात. दोन वस्तूंना एक शब्द वापरण्याची सवय आपल्याला आधीपासून आहे आणि मूळ प्रश्नातला गोंधळ तिथूनच आला आहे.

भाषांतरकर्ती :
पाणकोळी, आपण अडचणीवर नेमके बोट ठेवलेत. बाजारात दोन रचना आहेत, हे मला पत्रिकेतल्या आकृत्यांवरून कळले. एकीत गोंडा खेचला की पट्टाच उघडतो आणि दोरीसकट अंगावरून निघून जातो. दुसरीत पट्टा कंबरेला राहतो आणि फक्त दोरी निसटते. ‘पट्टा सोडा’ आणि ‘दोरी सोडा’ या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि एका पत्रिकेत त्यांची अदलाबदल झाली तर घाबरलेला माणूस जे सुटायचेच नाही ते ओढत बसेल.

वल्हेवाला :
‘सोडा’ हेही तपासा. नवख्यांच्या एका गटाला मी उथळ पाण्यात सराव देत होतो. एका बाईंनी तोल सावरण्यासाठी लीशची दोरी मुठीत पकडली होती. मी ओरडलो, ‘दोरी सोडा!’ त्यांनी तत्परतेने मूठ उघडली आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचे काहीही चुकले नव्हते. ‘सोडणे’ म्हणजे हातातले टाकून देणे आणि ‘सोडणे’ म्हणजे बांधलेले मोकळे करणे. पाण्यात ओरडून सांगताना हा फरक वाक्यातून कळत नाही.

कोशप्रेमी :
मग माझी दुसरी सूचना. झटकन सुटणारी बांधणी आपल्याला नवी नाही. ‘सुरगाठ’ आणि ‘निरगाठ’ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात मिळतात. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ आणि ओढाल तितकी आवळते ती निरगाठ. लहानपणी इजारीच्या नाडीला निरगाठ पडली की दातांनी सोडवावी लागे, तो अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हा फरक समजावून द्यावा लागणार नाही. ‘सुरगाठीची कंबरदोरी’ म्हणा. तळटीप यांनी मागितलेली सोडण्याची बाजू त्यात आपोआप आली.

तळटीप :
हा शब्द मला मनापासून आवडला. माझे मत ‘सुरदोरी’ला आहे, म्हणजे समासही लहान होतो.

शुद्धलेखक :
‘सुर’ या घटकाची व्युत्पत्ती काय? ‘सरकणे’शी संबंध असावा असा माझा कयास आहे, म्हणजे ‘सरगाठ’ हे मूळ आणि ‘सुरगाठ’ हा अपभ्रंश.

कोशप्रेमी :
मला तसे वाटत नाही. ‘निर्’ उपसर्गाच्या विरोधात ‘सु’ उपसर्ग उभा राहिला असावा : सुटायला सोपी ती सुगाठ, आणि ‘निर’च्या वजनावर मध्ये ‘र’ आला.

वल्हेवाला :
दोघांच्या व्युत्पत्त्या मी आवडीने वाचल्या, पण हा शब्द पत्रिकेत जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. या लीशमध्ये गाठ नाही, आणि गाठ असणे हाच तिच्यातला सर्वांत धोकादायक दोष आहे. पट्ट्याचे टोक बकलातून सुटते आणि त्यावर ओवलेली कडी घसरत बाहेर पडते. ते लोंबणारे टोक अडचणीचे वाटते म्हणून लोक त्याला गाठ मारतात किंवा पट्ट्यात खोचून ठेवतात. गाठ मारली की कडी तिथेच अडकते, गोंडा हातात येतो आणि माणूस बोर्डाशी बांधलेलाच राहतो. ‘सुरगाठ’ वाचून कोणी प्रामाणिकपणे एक गाठ मारून ठेवली तर तो दोष शब्दाचा असेल.

वापराबद्दल हेही लिहा. पट्टा सगळ्या कपड्यांच्या आणि तरंगजाकिटाच्या वरून बांधावा, जाकिटाखाली दडवू नये. गोंडा दोन्ही हातांनी गाठता यावा. पाण्यात उतरण्यापूर्वी तो खरोखर खेचून, कडी पूर्ण बाहेर पडते का ते पाहावे आणि मग पुन्हा ओवावा. हे डोळे मिटून आणि डाव्या हातानेही करून पाहावे.

कोशप्रेमी :
आपला आक्षेप मी मान्य करतो, तरीही शब्द सोडवत नाही. ‘हृदयाचे ठोके’ म्हणताना तिथे कोणी ठोकत नसते. शब्दाचा मूळ व्यापार वस्तूत दिसलाच पाहिजे, हा आग्रह धरला तर निम्मी मराठी टाकून द्यावी लागेल.

पाणकोळी :
हृदयाच्या ठोक्यांची सूचनापत्रिका वाचून कोणी हृदय चालवत नाही. इथे वाचलेले हात करतात.

भाषांतरकर्ती :
आतापर्यंतच्या चर्चेवरून मी मजकुरात ‘कंबरेची लीश’ ठेवून तिचे दोन भाग ‘पट्टा’ आणि ‘दोरी’ असे आकृतीत वेगळे दाखवायचे ठरवत आहे. दोरीच्या टोकाला पीळ पडू नये म्हणून जी फिरणारी कडी असते तिला ‘फिरकी’ म्हणेन. त्यावर कोणाचा आक्षेप नसावा. राहिला गोंड्याशेजारचा शब्द. मूळ लेबलावर केवळ ‘पुल’ आहे. मी ‘ओढा’ असे छापायला दिले होते.

नवशिका :
ते लेबल मी पहिल्यांदा वाचले असते तर मला वाटले असते की ही लीश ओढ्यात वापरायची आहे.

तळटीप :
हे लक्षातच आले नव्हते. वाहत्या पाण्यासाठी खास केलेल्या पट्ट्यावर एकटा ‘ओढा’ छापला तर तो नाम म्हणूनच वाचला जाण्याचा संभव जास्त आहे.

शुद्धलेखक :
मग ‘खेचा’.

कोशप्रेमी :
‘खेचणे’ हिंदीच्या वळणाने आलेले आहे, असे माझे जुने मत आहे. ‘ओढा’च ठेवावा आणि त्याआधी ‘गोंडा’ लिहावा. ‘गोंडा ओढा’ म्हटले की क्रियापद स्पष्ट होते, आणि जागाही दोनच शब्दांची आहे.

वल्हेवाला :
कोशप्रेमी, माझ्याकडच्या पट्ट्यावर गोंडा नाही, लाल चेंडू आहे. शेजाऱ्याच्या पट्ट्यावर कापडी पट्टीचा फास आहे. तिसऱ्या एकावर प्लास्टिकची मूठ पाहिली आहे.

कोशप्रेमी :
फुगीर टोकाला ‘बोंड’ म्हणता येईल. कापसाचे बोंड पाहा.

पाणकोळी :
फासाला बोंड कसे म्हणणार?

भाषांतरकर्ती :
छपाईला मजकूर परवा द्यायचा आहे. तोपर्यंत ‘खेचा’च्या बाजूने किंवा विरुद्ध कोणाला आणखी काही लिहायचे असेल तर कृपया लिहावे.

शुद्धलेखक :
‘आकर्षा’ सुचवणार होतो, परंतु ते मीच मागे घेतो. मात्र ‘फिरकी’वर माझा आक्षेप आहे.