मदत हवी आहे: रिसीव्हरच्या सहा वायरींऐवजी एकच पीपीएम वायर

माझ्या क्वाडकॉप्टरवर (चार पंख्यांच्या ड्रोनवर) एपीएम २.८ हा ऑटोपायलट बोर्ड असून फ्लायस्काय एफएस-आयए६बी रिसीव्हरचे सहा चॅनेल (रिमोटचे वेगवेगळे आदेश) सहा स्वतंत्र वायरींनी त्याला जोडलेले आहेत. मोटारींच्या कंपनाने यातला एखादा कनेक्टर उडताना सैल होईल, ही काळजी मला सतत वाटते. म्हणून सर्व चॅनेल एकाच सिग्नल वायरीवरून नेणारी पीपीएम पद्धत वापरायची आहे. इनपुटच्या दुसऱ्या व तिसऱ्या सिग्नल पिना जंपरने जोडायच्या आणि पीपीएम वायर पहिल्या इनपुटला द्यायची, एवढे स्पष्ट आहे.

खरा प्रश्न फेलसेफचा, म्हणजे संपर्क तुटल्यावर आपोआप लागू होणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचा आहे. ट्रान्समीटरचा संपर्क तुटल्यावर थ्रॉटलचा (मोटारींची ताकद ठरवणाऱ्या चॅनेलचा) पल्स ९७५ मायक्रोसेकंदांच्या खाली गेला तरच ऑटोपायलटला धोका कळतो, आणि माझ्या एफएस-आय६ ट्रान्समीटरवर थ्रॉटल पूर्ण खाली असतानाही तो सुमारे १००० च राहतो. एंडपॉइंट (ट्रान्समीटरवरील चॅनेलच्या किमतीची टोकाची मर्यादा) तात्पुरता वाढवून फेलसेफची नोंद केली, तर पीपीएमवर तीच किंमत टिकते का? ज्यांनी प्रोपेलर काढून हे तपासले आहे, त्यांनी कृपया नेमका क्रम सांगावा. याच बोर्डवर ही जोडणी विश्वासार्ह ठरत नसेल, तर एसबस (एकाच वायरीवरून सर्व चॅनेल नेणारी डिजिटल पद्धत) थेट स्वीकारणाऱ्या पिक्सहॉक या दुसऱ्या ऑटोपायलट बोर्डकडे वळण्याचीही माझी तयारी आहे.