मदत हवी आहे: ऑपरेशननंतर गेलेली भूक परत का आली?

धुकं:
बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायची सर्जरी, झाली आहे. सुरुवातीचे महिने भूक नावाची गोष्टच नव्हती, जेवायची आठवण राहावी म्हणून मोबाइलवर गजर लावत होते. गेले दोन महिने मात्र मरणाची भूक लागते आणि काटा जागचा हलत नाही. सर्जन म्हणाले होते की भुकेचं हार्मोनच काढून टाकलंय. मग ही आली कुठून? जठर ताणलं गेलं का? प्लीज लवकर सांगा, डोकं फिरलंय.

खडूस:
कुठली? जठर कापून लहान करायची स्लीव्ह, अन्न वळसा घालून खाली नेणारी बायपास, की जठराला पट्टी आवळायची बँड? किती महिने झाले? वजन किती होतं, किती उरलं? "गाडी बिघडली" एवढंच मेकॅनिकला फोनवर सांगून काय उपयोग?

धुकं:
स्लीव्हच हो. सव्वा वर्ष झालं. 118 वरून 81.

आळशी कासव:
37 किलो उतरले आणि तुम्ही रडताय! असो. सर्जन म्हणाले ते अर्धंच खरं. ते भुकेचं हार्मोन, म्हणजे ग्रेलिन, मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ 80 टक्के भाग जातो, त्यात तोही जातो, म्हणून भूक विझते. पण थोडं ग्रेलिन आतड्यातही बनतं. शिवाय चरबी उतरली की लेप्टिन, म्हणजे चरबीतून सुटणारं भूक आवरणारं हार्मोन, घसरतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो खा खा करायला लावतो. वर्ष-दीड वर्षाने काटा अडणं नेहमीचं आहे. माझाही अडला होता.

निशिगंध:
म्हणूनच मी बायपास करून घेतला. 2002 साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय मासिकात आलं होतं, बायपास झालेल्यांचं ग्रेलिन नॉर्मल वजनाच्या लोकांपेक्षा 77 टक्क्यांनी कमी होतं. आणि डाएट करून बारीक झालेल्यांचं उलट वाढलं होतं. स्लीव्ह म्हणजे अर्धवट काम.

आळशी कासव:
तो पेपर मोजून पाच बायपासवाल्यांवर होता, ताई. नंतरच्या अभ्यासांत बायपासनंतरच्या ग्रेलिनचे आकडे कधी खाली, कधी होते तिथेच. बायपासची खरी ताकद जीएलपी-1 आणि पीवायवाय, म्हणजे पोट भरल्याचं सांगणारी आतड्यातली हार्मोन्स. अन्न झटकन खालच्या आतड्यात पोचतं आणि ही दोन्ही उसळतात, म्हणून चार घासांत पोट भरतं. स्लीव्हमध्येही जठर लवकर रिकामं होतं, त्यामुळे हे थोडंफार घडतंच.

निशिगंध:
थोडंफारच ना? मग मी काय वेगळं म्हटलं?

रिकामटेकडा:
एवढं हार्मोन-बिर्मोन कशाला? 16 तास काही खाऊ नका, भूक आपोआप मरते. मी ऑपरेशन न करता 9 किलो कमी केले.

खडूस:
ज्यांना एका वेळी वाटीभरही जात नाही त्यांना उपास सांगताय? प्रोटीन कुठून भरून काढायचं?

सायंतारा:
केस गळत असतील तर घाबरू नका, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि परत येतात. सैल त्वचेसाठी मात्र घाई नको, आधी वजन स्थिर होऊ द्या.

धुकं:
केसांचं आणि त्वचेचं कुणी विचारलंय? भुकेचं सांगा.

खडूस:
मग भुकेचंच विचारतो. कधी लागते? उठल्या उठल्या, की खाल्ल्यानंतर?

धुकं:
सकाळी अजिबात नाही. खाऊन दीड-दोन तास झाले की. काल ऑफिसातून आले तर दाराच्या कुलपात किल्ली जाईना, हात इतका थरथरत होता. कपाळावर घाम. आत शिरले आणि चपलाही न काढता बिस्किटाचा अर्धा पुडा संपवला. दहा-पंधरा मिनिटांत ठणठणीत.

खडूस:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ही भूक नव्हे, साखर पडतेय. लेट डम्पिंग म्हणतात त्याला. गोड किंवा पातळ काही घेतलं की ते धाडकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर उंच जाते, जीएलपी-1 उसळून इन्सुलिन जास्तच सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर खाली येते. जे हार्मोन पोट भरल्याचं सांगतं तेच इथे गोत्यात आणतं. वर बिस्किटं खाल्ली की तोच फेरा पुन्हा. काटा का अडलाय तेही त्यातच आलं. काल आधी काय घेतलं होतं?

धुकं:
साखर घातलेली कॉफी, मोठा मग. प्रोटीन पावडरचा वीट आला म्हणून बंद केली. दोन महिने झाले असतील.

खडूस:
झालं तर मग.

रिकामटेकडा:
हल्ली भूक मारायची इंजेक्शनं मिळतात, ती घेऊन बघा.

आळशी कासव:
आधी तपासणी, मग इंजेक्शन. धुकं, पुढच्या वेळी थरथर सुटली की बोट टोचून साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर आधी गोड घ्या, सावरल्यावर प्रोटीनचं काहीतरी, आणि तोवर गाडी चालवू नका. आकडा लिहून सर्जनना दाखवा. पाणी, कॉफी वगैरे जेवणानंतर अर्ध्या तासाने.

धुकं:
आज संध्याकाळी मोजली. 58. मंगळवारची वेळ मिळालीये. कॉफीतली साखर बंद.
सायंतारा, मघाशी चिडले, सॉरी. वर्ष उलटल्यावरही केस गळत असतील तर? इथेच विचारू की नवीन धागा काढू?