घानातली लोकशाही: रॉलिंग्सची देणगी?

आडवाटेचा

डिसेंबर २०२४ मध्ये घानात निवडणूक झाली. अधिकृत निकाल लागायच्या आतच सत्ताधारी पक्षाच्या बाउमियांनी विरोधी पक्षाच्या महामांना फोन करून हार मान्य केली. त्याच वेळी उत्तर सीमेपलीकडे बुर्किना फासोत लष्कर, मालीत लष्कर, नायजरमध्ये लष्कर. मग घानाच वेगळा का?

माझं मत अनेकांना खटकेल, पण श्रेय तिथल्या जुन्या लष्करशहाचं, जेरी रॉलिंग्सचं. १९६६ ते १९८१ या पंधरा वर्षांत तिथे पाच वेळा सत्ता बंदुकीने किंवा बराकीतल्या कटाने उलथली. शेवटची दोन बंडं या फ्लाइट लेफ्टनंटची. त्यानेच १९९२ ची राज्यघटना आणली, तिच्यात दोन मुदतींची मर्यादा होती, आणि २००० साली त्याच्या पक्षाचा उमेदवार पडल्यावर जानेवारी २००१ मध्ये तो मुकाट्याने घरी गेला. सवय तिथून लागली.

नाना_फडताळे

साफ असहमत. जून १९७९ मध्ये आचेम्पाँग, अफ्रिफा, अकुफो या तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या, ते कुणाच्या राजवटीत? जून १९८२ मध्ये संचारबंदी असताना उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश रात्री घरातून उचलून नेले आणि मारले. त्यातली एक तर तान्ह्या बाळाची आई होती. आणि ज्या घटनेचं कौतुक चाललंय, तिच्या शेवटी कलम घातलंय की बंडखोर सरकारांनी जे केलं त्याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करायची नाही. आधी स्वतःची सोय, मग लोकशाही!

१९९२ ला तरी राजीखुशीने कुठे? शीतयुद्ध संपलं, कर्ज देणारे अडून बसले, देशातही चळवळ उभी राहिली.

आडवाटेचा

नाना, न्यायाधीशांचा मुद्दा मान्य, त्यावर बचाव नाही. पण दबाव शेजारच्या टोगोतही तोच होता. तिथला हुकूमशहा एयाडेमा २००५ मध्ये मरेपर्यंत खुर्चीत राहिला आणि नंतर मुलगा बसला. मग फरक माणसाचा नाही तर कशाचा?

कोऱ्या_चहावाली

घानातल्या टेमा बंदरात तीन वर्षं राहिले आहे, तेव्हा माझेही दोन पैसे.

तुम्ही दोघंही राजधानी अक्रातल्या सत्तेच्या वाड्याकडे बघताय, मी मतदान केंद्राकडे बघते. तिथे मतमोजणी केंद्रावरच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. आकडे एका गुलाबी कागदावर चढतात आणि प्रत प्रत्येक पक्षाच्या एजंटाच्या हातात. १९९६ पासून मतपेट्याही पारदर्शक. वर खासगी एफएम केंद्रं गावोगावचे आकडे सांगत सुटतात. आता वर बसलेल्याने खाडाखोड करायची कुठे? २००८ ला फरक जेमतेम ४० हजारांचा होता, तरी देश उभा राहिला. २०१२ चा निकाल सर्वोच्च न्यायालयात गेला, आठ महिने खटला, सुनावणीचं थेट प्रक्षेपण, दुकानात टीव्हीसमोर गर्दी. निकालाला आव्हान देणारे विरोधी उमेदवार अकुफो-आडो हरले. निर्णय पटला नसल्याचं सांगून त्यांनी तो मानला, आणि पुढे २०१६ ला मतांनीच निवडून आले.

श्रेय द्यायचं तर रात्रभर जागणाऱ्या त्या एजंटाला द्या.

सरळसोट

एजंट जागा राहतो, मान्य. पुढची चार वर्षं मात्र मतदाराला कोण विचारतं? जिल्ह्याचा मुख्य कार्यकारी राष्ट्राध्यक्ष नेमतो. जिल्हा सभेने दोनतृतीयांश मतांनी होकार द्यायचा असतो, एवढंच. अक्रातलं सरकार बदललं की हेही बदलतात. स्थानिक निवडणुकीत पक्षांना बंदी. ती उठवण्यासाठी २०१९ मध्ये जनमत घेणार होते, तेही ऐनवेळी गुंडाळलं. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली, परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. बेकायदा सोन्याच्या खाणींनी (तिकडे ‘गलामसे’ म्हणतात) प्रा आणि ओफिन नद्यांचा चिखल केलाय. दोन्ही पक्ष विरोधात असताना त्यावर ओरडतात. सत्ता शांतपणे बदलते खरी, पण बदलतं काय?

गंपूशेट

अवांतर: अक्राच्या विद्यापीठातून गांधींचा पुतळा काढला तो हाच घाना ना?

आडवाटेचा

हो, २०१८. वेगळा धागा काढा प्लीज, इथे नको.

नाना_फडताळे

टोगोचं उदाहरण दिलंत, तर त्याच्या पलीकडचं बेनिनही बघा. तिथला लष्करशहा केरेकू १९९१ मध्येच मतांनी हरला आणि गेला, म्हणजे रॉलिंग्सच्या दहा वर्षं आधी. तरी २०१९ च्या संसदीय निवडणुकीत विरोधकांची एकही यादी रिंगणात नव्हती. तेव्हा हुकूमशहा उठून गेला एवढ्याने भागत नाही. घानात दोन पक्ष तुल्यबळ आहेत, आज ना उद्या आपली पाळी येणार हे दोघांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून कुणी पाट उलथत नाही. २०२० च्या संसदेत बलाबल होतं १३७ विरुद्ध १३७.

कोऱ्या_चहावाली

आणि एक अपक्ष! सत्ताधारी पक्षाने काढून टाकलेला. मग त्याच्याच जिवावर त्या पक्षाने बहुमताचा दावा केला.