डुबिया झुरळं घरी वाढवायची आहेत, सुरुवात कशी करू?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. थोरल्याकडे बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे, अजून पिल्लूच, म्हणून रोज जिवंत किडे लागतात. सध्या दुकानातून रातकिडे आणतो. रात्रभर किरकिर, घाण वास, आणि डबा उघडावा तर निम्मे मेलेले. सगळे म्हणतात डुबिया झुरळं पाळा, घरच्या घरी वाढतात. मला मनापासून करायचंय, पण शंका बऱ्याच आहेत. निसटून स्वयंपाकघरात घर करतील का? बेसमेंट हिवाळ्यात गार पडतं, तिथे चालतील का? सुरुवातीला किती आणू? सासूबाई साताऱ्याहून यायच्या आहेत, त्यांना नीट समजावून सांगता यायला हवं. धाकटीला दमा आहे, हेही सांगून ठेवते.

गोठेवाला (ह्यूस्टन)
ताई, बारामतीकडे आमचा गाईंचा गोठा होता. झुरळांकडेही मी त्याच नजरेनं बघतो. ऊब, कोरडी जागा, चांगला चारा, आणि गाभण मादी खाऊ घालायची नाही.

आधी निसटण्याचं. डुबिया मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही. मादीला पंखांचे नुसते खुंट असतात. नराला पूर्ण पंख असतात, पण तोही फार तर फडफडत खाली येतो. मोरीतल्या झुरळासारखी ही फटीत अंडी चिकटवून जात नाहीत. मादी अंडी पोटातच उबवते आणि जिवंत पिल्लं देते, एका वेताला साधारण २० ते ३०. तुमच्याकडच्या थंड, कोरड्या घरात सुटलेल्या एखाद्या डुबियाचा वंश वाढणं फार अवघड आहे. मात्र दुकानदारानं ‘रेड रनर’ पुढे केलं तर घेऊ नका. ते तुर्कस्तान झुरळ, अंडी घालतं, आणि पळायला भलतं चपळ. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत ते सापडलं आणि आता अमेरिकेच्या नैऋत्य भागात घरांच्या आजूबाजूला ठाण मांडून बसलंय.

बेसमेंटबद्दल. २० अंशांच्या आसपास डुबिया जगतात, पण विणं जवळजवळ थांबतं. त्यांना ३०-३२ अंश हवेत. खोली तापवायची गरज नाही. अपारदर्शक प्लास्टिकचा मोठा टब घ्या, एका बाजूला हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) लावा आणि ती थर्मोस्टॅटवरच चालवा. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि झुरळं वर कोरडी राहतात. झाकणात मोठी खिडकी कापून धातूची जाळी बसवा, प्लास्टिकची जाळी ती कुरतडतात. तळाला माती, भुसा काही नको. वास येतो तो ओलाव्याचा आणि सडलेल्या भाजीचा. उरलेलं गाजर दुसऱ्या दिवशी काढलं तर टबाला वास येत नाही.

किती आणायची? एका नराला तीन ते पाच माद्या. २५ माद्या, ६-७ नर आणि शक्य असेल तर लहान-मोठी पिल्लं. आणि इथे जरा धीर धरा. पिल्लू वयात यायला उबेतसुद्धा चार ते सहा महिने लागतात. तोवर ड्रॅगनसाठी किडे विकतच आणा. वसाहती मोडतात त्या बहुतेक घाईनं. चार पिल्लं दिसली की लोक त्यातूनच खाऊ घालायला लागतात आणि पुढची पिढी तयारच होत नाही.

चाऱ्याला गाजर, संत्रं, भोपळा, पालेभाजी आणि कमी प्रथिनांचं कोरडं खाद्य. मांजराचं खाद्य देऊ नका. जास्तीची प्रथिनं झुरळ युरिक ॲसिडच्या रूपात अंगात साठवतं, आणि तेच पुढे सरड्याच्या पोटात जातं. डुबियात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, म्हणून खायला घालताना वरून कॅल्शियमची पूड लावायची. ड्रॅगनला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर ते कॅल्शियमही अंगी लागत नाही. झुरळाचा आकार ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

टबात कधी पांढरंफेक झुरळ दिसलं तर ते आजारी नाही, नुकतीच कात टाकलेलं आहे. काही तासांत रंग येतो.

मुलाला एक मात्र बजावून सांगा, उन्हाळ्यात अंगणातला काजवा ड्रॅगनला कधीही द्यायचा नाही. काजव्याच्या अंगातल्या विषानं हे ड्रॅगन मेलेले आहेत, एक काजवासुद्धा पुरतो.

दम्याचं मात्र जाणत्या माणसाला विचारा. त्यावर मी बोलणार नाही.

शुभदा_आरटी
मी श्वसनविकारांच्या विभागात काम करते, म्हणून लिहितेय. एडिसनकर ताई, कृपया टब आणण्याआधी धाकटीची ॲलर्जीची तपासणी करून घ्या. झुरळाच्या लेंड्या आणि कात यांची बारीक धूळ हे दम्याचं माहीत असलेलं कारण आहे. इथल्या शहरांमधल्या मुलांच्या अभ्यासांत ते वारंवार पुढे आलंय. ते अभ्यास घरात शिरणाऱ्या झुरळांचे, पण पाळलेल्या झुरळांची धूळही धूळच. तिला कोळंबी खाल्ल्यावर कधी अंगावर गांधी उठतात का? धुळीतल्या माइट्सचा (सूक्ष्म किड्यांचा) त्रास आहे का? झुरळ, कोळंबी आणि माइट्स या तिघांत एकसारखं प्रथिन असतं, म्हणून डॉक्टरांना हेही सांगा.

तपासणीत झुरळाची ॲलर्जी निघाली तर वसाहत घरात नकोच, बेसमेंटमध्येही नको. तिथली हवा गरम हवेच्या नळ्यांतून वर येते. ॲलर्जी नसली तरी सफाई बाहेर, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, आणि धाकटी जवळ नसताना. रोज हाताळणाऱ्याला ही ॲलर्जी पुढे नव्यानंही होऊ शकते.

ब्रॅम्प्टनहून_निखिल
आमच्याकडे कॅनडात डुबिया पाळायला परवानगीच नाही, त्यामुळे आम्ही दुसरी सोय लावली. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर, बहुतेकदा वरून पूड लागत नाही. आवाज नाही, उड्या नाहीत. आमचा ड्रॅगन तुटून पडतो त्यांच्यावर. पूर्ण वाढ झाली की त्याला मुख्यतः पालाच लागतो, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. मग स्वतःची वसाहत नसली तरी भागतं.

एडिसनकर
सगळ्यांचे मनापासून आभार. धाकटीला कोळंबीनं ओठांना खाज सुटते, आम्ही ते मसाल्यावर ढकलत होतो. तपासणीची वेळ घेतली आहे. तोवर अळ्या. त्या ठेवायच्या कशा?

गोठेवाला (ह्यूस्टन)
योग्य केलंत ताई. अळ्या १० ते १५ अंशांत ठेवा. तुमचं हिवाळ्यातलं बेसमेंट बहुधा पुरेल, नाहीतर फ्रीजचा सगळ्यात कमी गार कप्पा. उबेला ठेवल्या की काळ्या पडून कोष होतात आणि मग माश्या निघतात. डब्यात पाणी घालायचं नाही. आणि फक्त अळ्यांवर ठेवू नका, पाला आत्तापासूनच रोज समोर असू द्या.