प्रतिसाद: फाळके आणि बोलपट
बोलपटांनी दादासाहेब फाळक्यांना संपवलं, असं वर कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं. भागीदारांशी त्याआधीच बिनसलं होतं. १९१८ साली त्यांची भागीदारीतली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि थोड्याच काळात हा गृहस्थ वैतागून काशीला गेला, तिथे चक्क नाटक लिहीत बसला! परतले, पण पूर्वीची हुकमत काही राहिली नाही. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट, तोही शेवटचाच.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव इथे कुणीच कसं घेतलं नाही? 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागत. दिवसभर युनिटचा स्वयंपाक रांधायचा आणि रात्री अंधारात बसून ही भोकं पाडायची. पैशांसाठी दागिनेही त्यांचेच गेले. श्रेयनामावलीत मात्र बाई नाहीत.