किडनीचा त्रास आणि मटण, पूर्ण बंद करावं का?

करवीरची लेक:
बाबा ६८ वर्षांचे, वजन ६० किलो, शुगर नाही, बीपी आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.४ आलंय, डायलिसिस नाही. डॉक्टर म्हणाले प्रोटीन कमी करा आणि पुढच्या पेशंटकडे वळले, मग घरात सगळ्यांनी मिळून मटण, चिकन, अंडी सगळंच बंद केलं, आता बाबा दोन घास खाऊन उठतात, वजन उतरायला लागलंय आणि मला काळजी वाटतेय. बुधवार-रविवार तरी थोडं द्यावं का? कोणाचा अनुभव आहे का?

सांगलीकर:
माझ्या काकांना सगळंच बंद केलं होतं. रिस्क नको, बंदच ठेवा.

आहारतज्ज्ञ_पुणे:
सरसकट बंद नका करू. डायलिसिस नसताना साधारण किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे बाबांना दिवसाला ३६ ते ४८. ५० ग्रॅम शिजलेल्या बिनहाडाच्या मटणात १३ च्या आसपास असतं, दोन-तीन लहान फोडी झाल्या. त्या जेवणात मग वरण, उसळ, दही, पनीर नको, कारण त्यातलं प्रोटीनही मोजायचंच. लोक मटण बंद करतात आणि वाट्या भरून डाळ देतात, त्यात फायदा काय? वजन उतरतंय म्हणजे पोटात कॅलरीच कमी जातायत, भात-भाकरी आणि तेल बेताने वाढवा. नेमका आकडा मात्र त्यांचे रिपोर्ट बघूनच ठरवायचा, एकदा रीनल (किडनीच्या) डाएटिशियनला भेटाच.

करवीरची लेक:
खूप धन्यवाद! आई म्हणते फोडी नको तर आळणी, म्हणजे मटण उकळलेलं पाणी तरी देऊया, ताकद येईल.

आहारतज्ज्ञ_पुणे:
आळणी नकोच ताई. मटण उकळलं की त्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस त्या पाण्यात उतरतं आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. उलटं करा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी टाकून द्या आणि फोडी कांदा-लसणावर परता. पांढरा रस्सा तर त्याच आळणीचा, वर नारळाचं दूध, काजू, खसखस. कलेजी, खिमा-सॉसेजची तयार पाकिटं आणि सुकट-सुके बोंबील बाजूलाच ठेवा. मीठ दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापडही आलं. आणि बीपीसाठी म्हणून लो सोडियम मीठ आणलं असेल तर ते बंद करा, त्यात पोटॅशियम असतं.

मालवणी माणूस:
आमच्या आईचं डायलिसिस चालू आहे, तिला उलट प्रोटीन वाढवायला सांगितलंय, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, कारण डायलिसिसमध्ये ते निघून जातं. ती ताजा मासा आणि अंड्याचं पांढरं खाते, पिवळ्यात फॉस्फरस जास्त म्हणून ते आम्ही काढतो. त्यामुळे सांगलीकर, काकांचं पथ्य यांना लागू होईलच असं नाही, आमच्या आईचं तर अजिबात नाही. ताई, डॉक्टरांकडे जाल तेव्हा पोटॅशियम, फॉस्फरस आणि अल्ब्युमिनचे (रक्तातल्या प्रोटीनचे) रिपोर्ट घेऊन जा आणि ग्रॅममध्ये आकडा लिहूनच घ्या.