स्कॉटलंडमधला एक दिवस: कोणती बस घ्यायची?

आत्या: अगं, तुझ्याकडे येतोय त्यातला एक दिवस किल्ले आणि डोंगर बघायला ठेवलाय. लॉख नेस सरोवराची बस बुक करू का? बारा तासांची आहे, सगळं दाखवतात म्हणे.

ताई (एडिंबरा): आत्या, ती नको गं. एडिंबराहून लॉख नेस आणि त्याच दिवशी परत, म्हणजे अख्खा दिवस सीटवर. अर्कहार्ट किल्ला पाण्याच्या काठावर सुंदर उभा आहे, पण नीट बघायला वेळच उरत नाही. त्यापेक्षा गाईडसह छोटी गाडी घेऊ. सकाळी स्टर्लिंगचा किल्ला, दुपारी ग्लेनकोची दरी, बस्स.

काका: पूल असलेला तो पाण्यातला किल्ला? कॅलेंडरवर असतो तो.

ताई (एडिंबरा): काका, तो इलियन डोनन. स्काय बेटाकडे जाताना लागतो, एका दिवसात नाही जमत. १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने तो उडवून दिला. आज दिसतो तो १९१२ ते १९३२ या काळात पुन्हा बांधलेला.

काका: मग स्टर्लिंगच. लढाया कुठल्या?

ताई (एडिंबरा): तटावरून दोन्ही रणांगणांची दिशा दिसते. १२९७ मध्ये स्कॉटिश सेनानी विल्यम वॉलेसने इंग्रजांचं सैन्य अरुंद पुलावर गाठलं. अर्धं सैन्य अलीकडे, अर्धं पलीकडे, तेव्हाच हल्ला. १३१४ ला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने बॅनॉकबर्नची लढाई इंग्रजांविरुद्ध जिंकली. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाची वाट इथूनच जायची, म्हणून या खडकासाठी एवढी झुंज. आणि किल्ल्यातल्या राजवाड्याचं छत चुकवू नका! ओक लाकडाच्या मीटरभर रुंदीच्या गोल फळ्या, प्रत्येकीवर कोरलेला चेहरा: राजे, राण्या, रोमन सम्राट. छतावर रंगवलेल्या प्रतिकृती आहेत. सोळाव्या शतकातल्या मूळ फळ्या वरच्या दालनात अगदी जवळून बघता येतात, छिन्नीच्या खुणांसकट.

मामी: गुडघ्यांना जमेल ना?

ताई (एडिंबरा): गाडी किल्ल्यासमोरच्या पटांगणापर्यंत जाते, मामी. आत दगडी फरशी आणि थोडा चढ. बूट घाला, चपला नकोत.

दादा: ग्लेनकोमध्ये काय? स्कॉटलंडचं सर्वात उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, कळसूबाई १६४६. उंचीत आपणच पुढे.

ताई (एडिंबरा): उंचीत हो. पण तिथे रस्ता दरीच्या तळातून जातो आणि दोन्ही बाजूंना डोंगर सरळ अंगावर येतात. दगड सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा, फक्त ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. दरीला आकार दिला तो हिमनद्यांनी, म्हणून तळ एवढा रुंद.

दादा: आणि ते हत्याकांड?

ताई (एडिंबरा): तिथेच. १३ फेब्रुवारी १६९२. राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायला तिथल्या मॅकडॉनल्ड कुळाच्या प्रमुखाला मुदतीपेक्षा काही दिवस उशीर झाला. राजाचे सैनिक त्यांच्या घरी जवळजवळ पंधरवडा पाहुणे म्हणून राहिले, आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनाच पहाटे कापलं. सुमारे ३८ माणसं मारली गेली. बाकीचे बर्फात पळाले, त्यातलेही कित्येक गारठून गेले. हे ठाऊक असलं की ती दरी वेगळीच दिसते. म्हणून म्हणते, तिथे फोटोपुरतं थांबू नका, निदान तासभर चाला.

काका: ठरलं. छोटी गाडीच.

आत्या: मग तूच बुक कर गं. आम्ही चौघं आणि तू.

ताई (एडिंबरा): करते. स्टर्लिंगची तिकिटं ऑनलाइन आधीच काढते, ज्येष्ठांना सवलत आहे. उन्हाळा आहे, पण रेनकोट आणाच. वारा थांबला की मिजेस नावाच्या बारीक माश्या चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या.

मामी: थेपले करून आणते.